एका दिवसात २७ वेळा

आमच्या घरात मी नक्की काय काम करतो हे अजून कोणालाच धड कळलेलं नाही. आई सांगते, "कम्प्युटर दुरुस्त करतो." मामा सांगतात, "रात्री जागून पगार घेतो." दोन्ही खरंच आहे म्हणा! फक्त मी जी यंत्रं दुरुस्त करतो ती हाताला लागत नाहीत. त्यांना व्हर्च्युअल मशिन म्हणतात, म्हणजे आभासी यंत्र. या यंत्रांवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवताना गाडी अडते तेव्हा काय करायचं, याचाही एक छान इतिहास आहे. आज त्याबद्दल थोडं.

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. मालक एक, बिर्‍हाडं दहा. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, पण पाण्याची टाकी मात्र एकच. तसंच एका मोठ्या खर्‍या यंत्रावर दहा आभासी यंत्रं नांदतात. प्रत्येकाला वाटतं, इथली सगळी मेमरी आणि डिस्क आपलीच. वाटणी करणारा वाड्याचा मालक म्हणजे हायपरवायझर. (टाकीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

लोकांना वाटतं ही सगळी आत्ताची क्लाउडची देणगी. तसं नाही. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी १९६४ च्या शेवटी सीपी-४० नावाचं काम सुरू केलं. १९६७ च्या जानेवारीत ते रोजच्या वापरात आलं. एका यंत्रावर १४ आभासी यंत्रं, प्रत्येकाला २५६ के मेमरी. आज हातातल्या फोनमधल्या एका फोटोलाही त्याहून जास्त जागा लागते! पाठोपाठ सीपी-६७ आलं आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये व्हीएम/३७० जाहीर झालं. यात एक गंमत होती. ही यंत्रणा स्वतःच्याच पोटात स्वतःची दुसरी प्रत चालवू शकायची. म्हणजे नवी आवृत्ती आधी एका आभासी यंत्रात चालवून बघायची. ती कोसळली तरी शेजारच्या बिर्‍हाडांना पत्ता लागत नसे.

पण मालकाच्याच घरात बिघाड झाला तर? त्याचा किस्सा १९७० च्या आसपासचा, एमआयटीच्या अर्बन सिस्टिम्स लॅबमधला. तिथे सीपी-६७ चालायचं. हार्वर्डमध्ये एक नवं उपकरण आलं, त्याला लांबच लांब ओळ लागायची. म्हणून प्रोग्रॅममधली ओळीची कमाल लांबी बाराशेच्या घरात नेली. पण आत लांबीचा हिशेब होत होता एका बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. हिशेब चुकला आणि यंत्रणा कोसळली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा कोसळली. एका दिवसात २७ वेळा!

खरी मेख पुढेच आहे. सीपी-६७ आपोआप चार-पाच मिनिटांत उभं राहायचं, म्हणून तर दिवसात २७ वेळा पडणं त्याला जमलं. एमआयटीतच मल्टिक्स नावाची दुसरी यंत्रणा होती. तिला एकदा पडल्यावर उठायला तासभर लागे, कारण सगळ्या फायली तपासाव्या लागत. ही तुलना मल्टिक्सवाल्यांना झोंबली, आणि त्यांनी फायली साठवण्याची नवी पद्धत करायला घेतली त्यामागे हेही एक कारण होतं.

१९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं आणि आभासी यंत्र साध्या पीसीवर उतरलं. पुढे स्नॅपशॉट आमच्या हाडीमाशी मुरला. म्हणजे जुनी चोपडी बंद करून बाजूला ठेवायची आणि नव्या नोंदी दुसर्‍या चोपडीत करायच्या. काही बिनसलं की दुसरी चोपडी फेकून द्यायची. झालं, यंत्र कालच्या दिवसात परत!

ऐकायला छान वाटतं. पण काही वर्षांपूर्वी एका पॅथॉलॉजी लॅबच्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवली होती. दोन तास सगळं सुरळीत चाललं, रिपोर्ट भराभर निघत होते, आणि मग यंत्र थिजलं. पलीकडून फोनवर एकच धोशा, "स्नॅपशॉट आहे ना? मागे जा!" मागे गेलो असतो तर त्या दोन तासांतले रिपोर्टही गेले असते. ती रक्तं कोणाची तरी होती, आणि कोणीतरी निकालाची वाट बघत बसलं होतं. म्हणून आधी कारण शोधलं. निघालं काय? टाकी आटली होती! शेजारच्या एका यंत्राचा जुना स्नॅपशॉट कोणी काढून टाकला नव्हता. त्याची दुसरी चोपडी फुगत फुगत सामायिक डिस्क भरून बसली होती. नव्या आवृत्तीचा काडीचाही दोष नव्हता. थोडी जागा मोकळी केल्यावर यंत्र जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागलं.

मागे जाण्यात आणखी एक फसवणूक आहे. यंत्र मागे जातं, बाकीचं जग जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक सर्व्हर आपल्या बदलांना क्रमांक देतो आणि इतर सर्व्हर कुठपर्यंत ऐकलं ते लक्षात ठेवतात. एकाला स्नॅपशॉटने मागे नेलं की तो तेच क्रमांक पुन्हा वापरतो. इतरांना वाटतं, हे तर आपण ऐकलंय! आणि नवे बदल गुपचूप हरवतात. यावर उपाय विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आला. आपल्याला मागे नेलंय हे आता आभासी यंत्राला कळू शकतं.

१९ जुलै २०२४ आठवतोय ना? क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ते १०.५७ एवढाच वेळ वाटली गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने विंडोजची ८५ लाख यंत्रं अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. क्लाउडमधल्या यंत्रासमोर जाऊन बसता येत नाही, मग एक जुनी युक्ती कामी आली. आजारी यंत्राची डिस्क सोडवायची, धडधाकट यंत्राला जोडायची, ती एक फाइल पुसायची आणि डिस्क परत लावायची. पण एकेका यंत्राला माणसाचा हात लागलाच.

थोडक्यात काय, तर साठ वर्षांत आपण पटकन उठायला शिकलो, आणि ते मोलाचंच आहे. पण एमआयटीतलं ते यंत्र २७ वेळा उठलं म्हणून बरं झालं नव्हतं. "शेवटचा बदल कोणता केला?" हा साधा प्रश्न विचारून तो एक बाइट शोधावाच लागला. रात्री तीन वाजता, फोनवर चारजण ओरडत असताना, हा प्रश्न विचारायला धीर लागतो. आमच्या धंद्यात नव्याने येणार्‍या मुलांना मी आज्ञावली नंतर शिकवतो, आधी हा धीर.

असो. लेख लांबला खरा, पण बरेच दिवस मनात होतं.