मिरासी आणि उपरी : अमेरिकेतील कायम निवासाचा एक इतिहास

मराठी मुलखाच्या जुन्या गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. पिढीजात हक्काने जमीन धारण करणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन ठरावीक मुदतीच्या बोलीने ती कसणारा तो उपरी. उपरी कष्टांत उणा नव्हता, सारा भरण्यात मागे नव्हता. पण त्याच्या राहण्याला मुदत होती आणि मिरासदाराच्या राहण्याला ती नव्हती. आज परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या तोंडी ‘व्हिसा’ आणि ‘ग्रीन कार्ड’ हे शब्द येतात, तेव्हा आम्हांला ही जुनी जोडी आठवते. तात्पुरत्या परवान्यापासून कायम निवासापर्यंतची वाट म्हणजे उपऱ्याने मिरासी होण्याचीच वाट होय.

स्थलांतरितांचे साहित्य शिकवताना आपण घराची ओढ, दुभंगलेले मन, दोन संस्कृतींमधला ताण यांविषयी भरभरून बोलतो. या कथांमधल्या माणसांच्या पायांखाली कायद्याची जी जमीन असते तिच्याविषयी मात्र फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे, कारण भारतीयांच्या बाबतीत तिथला इतिहास सलग मांडता येतो. या इतिहासात दरवाजे अनेकदा उघडले आणि मिटले. परंतु माणूस काय करतो याआधी तो कुठे जन्मला हे विचारण्याची कायद्याची सवय सुटली नाही, असे आमचे प्रतिपादन आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी कलकत्त्याहून निघून अमेरिकेस पोहोचल्या, तेव्हा त्यांच्यापुढे अडचणींचे डोंगर होते. व्हिसा नावाची अडचण मात्र नव्हती. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा तिथे मंजूर झाला होता. वंश पाहून दार लावण्याची ती सुरुवात होती. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भूभाग ‘निषिद्ध प्रदेश’ ठरवला आणि हिंदुस्थान त्यात आला. जे त्यापूर्वीच पोहोचले होते, त्यांच्यापुढे प्रश्न उरला तो नागरिकत्वाचा.

नागरिकत्व ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना देता येईल, असे १७९० चा कायदा सांगत होता, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग ‘गोरा’ म्हणजे कोण? साहित्याच्या अभ्यासकांनी हा वाद मुळातून पाहावा असा आहे, कारण तो एका शब्दाच्या अर्थाचा वाद होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गोरा म्हणजे केवळ कातडीने उजळ नव्हे, तर कॉकेशियन वंशाचा. हा अर्थ धरून अमृतसरकडचे भगतसिंग थिंद पुढे आले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. आपण आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीतून, निकाल दिला की वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत शब्दाची व्याख्या शास्त्राकडून लोकव्यवहाराकडे गेली. दोन्ही वेळा दार मात्र बंदच राहिले.

थिंद यांच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादाचा एक भाग आपण मराठी वाचकांनी नजरेआड करू नये. उच्चवर्णीय हिंदू इतरांशी बेटीव्यवहार करीत नाहीत, म्हणून त्यांचे रक्त शुद्ध राहिले आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे एका जन्माधिष्ठित भिंतीतून आत जाण्यासाठी दुसऱ्या जन्माधिष्ठित भिंतीचा दाखला दिला गेला. अन्यायाखाली सापडलेला माणूस अन्यायाचे तर्कशास्त्र नाकारतोच असे नाही. कधीकधी तो त्याच तर्काने स्वतःपुरती फट शोधतो.

या निकालाच्या आधारे, पूर्वी दिलेली नागरिकत्वेही सरकार काढून घेऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व गेले आणि त्यामागोमाग मालमत्ता बाळगण्याचा हक्कही गेला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. याच्या उलट घडले ते मुंबई इलाख्यातून गेलेले वकील सखाराम गणेश पंडित यांच्या बाबतीत. १९१४ मध्ये मिळालेले आपले नागरिकत्व त्यांनी न्यायालयात राखले. १९२६ च्या निकालाचा आधार वंश हा नव्हता. मूळ निर्णयावर सरकारने वेळेत अपील केले नाही, तेव्हा मिटलेली बाब पुन्हा उकरता येणार नाही, हा होता. पंडितांना तारले ते प्रक्रियेने. स्थलांतरिताच्या आयुष्यात तत्त्वापेक्षा तारीख अनेकदा बलवत्तर ठरते, याचा हा पहिला ठळक पुरावा आम्हांला वाटतो.

१९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली झाली आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला शंभर! तरीही या किलकिल्या दाराचे महत्त्व नाकारता येत नाही. या कायद्यासाठी झटलेले दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले.

खरा पालट १९६५ चा. त्या वर्षीच्या कायद्याने राष्ट्रनिहाय जुने कोटे रद्द केले आणि कौटुंबिक नाते व कौशल्य यांना प्राधान्य दिले. डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांची पहिली मोठी मराठी पिढी या वाटेने गेली. तिच्यातील अनेकांचा कायम निवासाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. म्हणून घरे, संस्था, गणेशोत्सव उभारण्यास तिला उसंत मिळाली. १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ हे या स्थैर्याचेच फळ होय. तिथल्या भारतीयांविषयीच्या ज्या कथा-कादंबऱ्या आपण वर्गात वाचतो, त्यांतील बऱ्याचशा याच पिढीच्या आहेत. त्यांतले दुःख हे आत शिरलेल्या माणसाचे दुःख आहे.

वंशाचा उल्लेख गेला तरी जन्माचा हिशेब संपला नाही. १९६५ च्या कायद्याने पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला वीस हजारांची मर्यादा घातली. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम निवासाची वार्षिक संख्या सुमारे १ लाख ४० हजार ठरवली. पतीपत्नी व मुलेही याच संख्येत धरली. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, असा दंडक राहिला. म्हणजे भारताच्या वाट्याला नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे ९,८०० जागा. इतरांच्या न वापरलेल्या जागा मिळाल्या तर अधिक. हाच हिशेब एखाद्या चिमुकल्या बेटालाही लागू. शिवाय येथे पाहिले जाते ते पारपत्र नव्हे, जन्मस्थान. पुण्यात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला माणूसही भारताच्याच रांगेत उभा राहतो. बायको अन्य देशात जन्मलेली असेल तर मात्र तिच्या जन्मस्थानाच्या रांगेत जाण्याची त्याला मुभा आहे.

याच १९९० च्या कायद्याने एच-१बी हा तात्पुरत्या कामाचा परवाना आजच्या रूपात आणला. मुदत तीन वर्षे, फार तर सहा. पण कायम राहण्याची इच्छा धरली म्हणून तो परवाना बाद होत नाही. एक दार रुंद आणि त्यापुढचे दार अरुंद, अशी ही रचना. दोहोंच्या मधल्या ओसरीवर गर्दी होणार हे उघड होते. सन २००० मध्ये नवा कायदा करून, अर्ज पुढे सरकला पण रांग संपली नाही अशांना सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ दिली गेली. कायद्याने रांग कमी केली नाही. रांगेत राहण्याची सोय केली.

रांगेतल्या माणसाची खरी जन्मतारीख म्हणजे त्याची ‘प्रायॉरिटी डेट’, अर्थात त्याच्या मालकाने पहिला अर्ज दाखल केल्याचा दिवस. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली ते जाहीर करते. जुलै २०२५ च्या पत्रकात उच्च पदवीधरांच्या वर्गातील भारतीयांसाठी ती तारीख १ जानेवारी २०१३ होती. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांची पाळी तेव्हा येत होती. ही तारीख कधी पुढे सरकते, कधी थांबते, कधी मागेही जाते. या काळात नोकरी बदलणे जोखमीचे, बढतीनेही अर्जाची घडी विस्कटण्याचे भय. उच्चशिक्षित पत्नी घरी बसलेली. मे २०१५ पासून अशांपैकी काहींच्या पत्नींना कामाची परवानगी मिळाली. लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की त्यांच्या अर्जातून गळू शकते. त्याच घरात, तिथेच जन्मलेले धाकटे भावंड मात्र जन्मतः नागरिक. एका ताटात जेवणारी दोन भावंडे, एक मिरासी आणि एक उपरे!

या प्रतीक्षेने आपली भाषाही घडवली आहे. जून २००७ मध्ये परराष्ट्र खात्याने नोकरीच्या बहुतेक वर्गांची दारे जुलैसाठी एकदम खुली झाल्याचे जाहीर केले. लोकांनी धावपळ करून कागद जमवले. आणि २ जुलै रोजी तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा भारतीय अर्जदारांनी निषेधासाठी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलांचे गुच्छ पाठवले. आदल्या वर्षी आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधील गांधीगिरीची ती प्रेरणा होती. खात्याने ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे पाठवली आणि १७ जुलै रोजी मूळ निर्णय पुन्हा लागू झाला. फुलांमुळेच तो फिरला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. न्यायालयीन दाव्याचे दडपणही होते. पण रांगेत मुकाट उभा असलेला माणूस त्या दिवसांत प्रथमच समूह म्हणून बोलला.

देशनिहाय मर्यादेच्या समर्थकांचा मुद्दाही ऐकायला हवा. ती काढली तर काही वर्षे बहुतेक जागा एकदोन देशांकडेच जातील आणि बाकीच्यांची रांग लांबेल, असे ते म्हणतात. हा मुद्दा खोटा नाही. ती मर्यादा हटवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या रूपात संमत केले. दोहोंचा मेळ बसला नाही आणि ते बारगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. म्हणजे आता आतल्या दाराबरोबर बाहेरचे दारही अरुंद होऊ लागले.

बगाईंना वंशामुळे नाकारले गेले. आजच्या अर्जदाराला कोणी नाकारीत नाही, त्याला थांबायला सांगितले जाते. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकणे इतिहासाशी प्रतारणा होईल. पण नकार मिळालेला माणूस परत फिरतो वा लढतो. थांबायला सांगितलेला माणूस आपले आयुष्यच थांबवून ठेवतो. घर घ्यावे की नाही, आजारी आईला भेटायला जावे की नाही, मुलाला मराठी किती शिकवावे, हे सारे एका मासिक पत्रकावर लटकते. १९६५ नंतरच्या पिढीने दोन घरांमधल्या ताणाचे साहित्य लिहिले. या पिढीचे साहित्य दोन तारखांमधले असेल, आणि ते वाचण्यासाठी विद्यार्थ्याला ‘घरओढ’ या शब्दाबरोबर ‘मुदतवाढ’ या शब्दाचाही अर्थ ठाऊक असावा लागेल. पुढच्या वेळी वर्गात अशी एखादी कथा हाती येईल, तेव्हा नायकाला काय आठवते हे विचारण्याआधी त्याच्याकडे कोणता कागद आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढे विचारून पाहावे.