सत्तावीस दरवाजे आणि दोन तारा

पावसाळा आला की मराठवाड्यात घरोघरी एकच प्रश्न असतो: नाथसागर किती टक्के भरला? मोबाइलवर आकडा येतो आणि आपण तो फॉरवर्ड करतो. आज मला बोलायचंय ते त्याच्या मागच्या गोष्टीवर. पाणी मोजणारं यंत्र आणि मोटर चालवणारं यंत्र एकमेकांशी बोलायला शिकलं कसं?

आधी दोन तारखा शेजारी ठेवू. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली. तेव्हा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक, जगात नव्हताच. ते काम रिले करायचे. कामाचा क्रम बदलायचा तर अख्खी वायरिंग उपसायची! 1968 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सनं याला पर्याय मागितला आणि डिक मॉर्ली व सहकाऱ्यांच्या हातून मॉडिकॉन 084 तयार झाला. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, तेव्हा पीएलसीला जेमतेम सात वर्षं झाली होती.

पण त्या पीएलसीला बाहेरची खबर द्यायची कशी? जुनी पद्धत म्हणजे प्रत्येक सेन्सरला तारांची वेगळी जोडी, आणि तिच्यातून 4 ते 20 मिलिअँपिअर विजेचा प्रवाह. टाकी रिकामी तर 4, भरली तर 20. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो. म्हणजे 'पाणी नाही' आणि 'तार नाही' यातला फरक लगेच कळतो.

1979 मध्ये मॉडिकॉननं मॉडबस आणला. हे संवादाचे नियम आहेत. मास्टर एकेका उपकरणाला नंबरानं हाक मारतो, ज्याला विचारलं तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प. नियम सगळ्यांसाठी खुले असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका तारेवर बोलू लागली. 1983 मध्ये आरएस-485 हे मानक आलं: पिळलेल्या दोन तारा, सुमारे 1200 मीटर अंतर, साधारण 32 उपकरणं.

आता जायकवाडीचं गणित मांडू. दरवाजे 27, प्रत्येक सुमारे साडेबारा मीटर रुंद. समजा, प्रत्येक दरवाजावर एक सेन्सर बसवला. मधले खांब धरूनही सगळे एकाच जोडीवर आरामात मावतील.

खरी गंमत पुढे आहे. मॉडबसच्या एका रजिस्टरमध्ये जास्तीत जास्त 65535 बसतं. धरणाची पूर्ण पातळी 1522 फूट. ती दोन दशांशांपर्यंत पाठवायची तर आकडा होतो 152200. एका खान्यात मावत नाही, म्हणून दोन खाने लागतात. ते उलटे वाचले तर पातळी दिसेल 1 कोटी 38 लाख फूट! हसू येतं ना? पण ही चूक बरी, कारण ती लपत नाही.

भीती वाटते ती गोठलेल्या आकड्याची. संपर्क तुटला आणि पडद्यावर मघाचीच पातळी राहिली, तर माणूस निवांत बसतो आणि पाणी चढत राहतं. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि पैठण शहरात पाणी शिरलं. अशा वेळी खालच्या गावांसाठी एकेक तास मोलाचा असतो. म्हणून शहाणा अभियंता आकड्याबरोबर त्याची वेळही दाखवतो, उत्तर आलं नाही तर भोंगा वाजवतो आणि धरणावरची रंगवलेली मोजपट्टी पुसू देत नाही.

4 मिलिअँपिअरवाल्यांना जे उमगलं होतं, ते आजही तितकंच खरं आहे: शांतता म्हणजे 'सगळं ठीक' नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी टक्केवारी फॉरवर्ड करण्याआधी एकदा बघा, आकडा कधीचा आहे? भेटू पुढच्या भागात!