सावित्रीकाठचे खलाशी आणि दूरचे युद्ध

मंडळी, गेल्या खेपेस आपण पलटणींबद्दल बोललो. आज बोटींबद्दल. महाड-पोलादपूरला समुद्र कुठला, असं कुणी म्हणेल. खरंय, समुद्र नाही. पण सावित्री आहे. महाबळेश्वरला उगम पावून ती पोलादपूर, महाड करत बाणकोटला दर्याला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबतं दासगाव-महाडपर्यंत येत. त्यामुळे आमच्याकडे घर सोडण्याचे दोन मार्ग होते: 'फौजेत गेला' आणि 'बोटीवर गेला'. पोलादपूरच्या डोंगरातला माणूस बहुधा पहिल्या वाटेने जाई. महाड, म्हसळा, बाणकोट पट्ट्यातली, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबं, दुसरीने.

फौजेत गेलेल्याचा हिशेब राहिला. त्याला बिल्ला मिळाला, पेन्शन मिळालं, कित्येक गावांत शिळाही लागली. बोटीवर गेलेला मात्र कागदोपत्री नोकर. त्याला कंपनीचा पगार, अंगावर गणवेश नाही, हातात बंदूक नाही. आणि तरी आरमाराचं पोट तोच भरत होता.

हे 'पोट' शब्दशः घ्या. १९१४ साली बहुतेक जहाजं कोळशावर चालत. लढाऊ जहाज कितीही बलाढ्य असो, कोळसा, दारूगोळा, पीठ, पाणी मागून आलं नाही तर ते नुसतं तरंगतं लोखंड. इंग्रजांनी १९०५ साली त्यासाठी 'रॉयल फ्लीट ऑक्झिलरी' हा निराळा ताफाच उभा केला. जहाजं आरमाराची, माणसं मुलकी. शिवाय युद्ध सुरू झालं की खाजगी कंपन्यांच्या बोटी सरकार ताब्यात घेई, खलाशांसकट. मुंबईत भरती होणाऱ्या बोटींवर कामाची वाटणी साधारण ठरलेली असे. डेकवर कोकण-कच्छचे, इंजिनात पंजाब-सरहद्दीचे, जेवणाखाण्याला गोव्याचे. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुखाणी. सारंगच माणसं गोळा करी आणि पुष्कळदा त्यांच्या कर्जाची दोरीही त्याच्याच हातात असे.

मेसोपोटेमियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथं आपल्या दोन्ही वाटा एकत्र येतात. ७ डिसेंबर १९१५ ला कुतला वेढा पडला. आत पुण्याची सहावी डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. बाहेर तैग्रिस नदी, आणि नदीवर पुरेशा बोटीच नाहीत. बसऱ्यापर्यंत माल येऊन पडे, पुढे सरकत नसे. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं कुत पडलं. पुढं चौकशी आयोगानं वाहतुकीच्या ढिसाळपणावर कडक ठपका ठेवला. मग हिंदुस्थानातून नदीबोटी आणि त्यांचे खलाशी आणखी गेले. पराक्रमाच्या कथेत हे दुय्यम पान वाटतं. आम्हाला ते मुख्य वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांत जवळपास चौथा हिस्सा हिंदी होता. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्शाइतकाही नसे. टॉर्पेडोला हा फरक कळत नव्हता. १९३९ च्या शरदात या लोकांनी ब्रिटिश बंदरांत बोटी सोडायला नकार दिला. पगारवाढ द्या, उबदार कपडे द्या, म्हणाले. कित्येकांना तुरुंगात टाकलं. पण पगार वाढवावा लागला. याला कुणी गद्दारी म्हणालं. आमच्या मते हा युद्धातला सर्वांत सरळ प्रश्न होता: मरण सारखं, तर मोबदला निराळा का?

१७ सप्टेंबर १९४० ला 'सिटी ऑफ बनारस' बुडाली. ती रसदबोट नव्हती, मुलांना कॅनडाला नेत होती. तिची एक होडी आठ दिवस अटलांटिकवर भरकटली. होडीत ४६ जण. कथा सांगितली जाते ती सहा मुलांची. बत्तीस जण हिंदी खलाशी होते, ते त्या कथेत 'लास्कर' या एका शब्दात मावतात.

नावं कुठंच नाहीत असंही नाही. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात स्मारक आहे. पहिल्या युद्धातली दोन हजारांवर नावं. दुसऱ्या युद्धातली सहा हजारांवर, दगडावर नव्हे, वहीत. तशीच एक वही चितगावला. वही बघायची तर उघडावी लागते. सीएसएमटीहून ते एकच स्टेशन. तुमच्या घरात कुणी 'बोटीवर गेला' असेल, तर आडनाव, बापाचं नाव आणि गाव लिहून घेऊन जा.