पेड न्यूज : बातमीच्या वेशातील प्रचार

उमेदवाराकडून वा पक्षाकडून पैसे घेऊन त्याचा प्रचार बातमी म्हणून छापणे, म्हणजे 'पेड न्यूज'. जाहिरातीचा हेतू वाचकाला ठाऊक असतो. येथे तो दडवला जातो आणि दिलेला पैसा निवडणूक खर्चाच्या हिशेबातही दिसत नाही.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत शब्दशः सारखा छापून आल्याचे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. प्रेस कौन्सिलच्या द्विसदस्यीय उपसमितीने २०१० मध्ये वृत्तसंस्थांच्या नावांसह सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने मात्र संक्षिप्त अहवालच स्वीकारला. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना अशा मजकुराचा खर्च न दाखविल्याबद्दल निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली. निवडणूक काळात जिल्हास्तरीय माध्यम समित्या संशयित मजकुराची छाननी करतात व त्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यावर टाकतात. खर्चाचा हिशेब त्यामुळे लागतो. वाचकाची झालेली फसवणूक मात्र भरून निघत नाही.