एक कोयता म्हणजे किती माणसं?

चिनी शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात 'ग' भेटतो. 'तीन माणसं' म्हणायला नुसतं 'सान रन' चालत नाही. आकडा आणि माणूस यांच्यामध्ये 'ग' हवाच: 'सान ग रन'. सफरचंद, प्रश्न, आठवडा, सगळ्यांना तो चालतो. शिवाय बऱ्याच वस्तूंना स्वतःचे मोजशब्द आहेत. घोड्याला 'फी', मुठीच्या सुरीला किंवा छत्रीला 'बा', घरातल्या माणसांना 'खोउ' म्हणजे तोंड, गुरांना 'थोउ' म्हणजे डोकं.

मला हा 'थोउ' ओळखीचा वाटला. जुन्या मराठी कागदांत 'बैल रास ४' अशी नोंद सापडते. ही रास धान्याची नाही. फारसीमार्गे आलेला तो अरबी शब्द आहे आणि अर्थ तोच, डोकं. माणसांना 'असामी', वस्तूंना 'नग'. असले कागद जपणारी माणसं आपल्याच भागातली. साताऱ्यात द. ब. पारसनिसांनी ते जमवले. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं छापायला घेतली.

बोलण्यात आपण आजही माणूस वेगळा मोजतो. बैल दोन, पण भाऊ दोघं. दोघं, तिघं, चौघं, पाच जण हे शब्द माणसांसाठी राखलेले.

मग कृष्णाकाठच्या उसात काय होतं? तिथं मुकादमाच्या वहीत मोजमाप आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर 'अर्धा कोयता'. बीडकडून, माण-खटावमधून, जत-आटपाडीतून टोळ्या येतात त्या कोयत्यांवर मोजून. उचलही कोयत्यामागे ठरते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पण हिशोबात तिची वेगळी ओळ नसते आणि पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडतात.

चिनीत कोयता मोजायला 'बा' लावतील. आपल्याकडे कोयताच माणसं मोजतो. मोजशब्द पाठ करताना मला ते व्याकरण वाटलं होतं. वहीत ती मजुरी असते. 'एक कोयता' खोडून 'दोघं' लिहिलं, तर पुढं दोन नावं लिहावी लागतील.