अर्ध्या मिलिमीटरचे लंबवर्तुळ

केप्लरच्या नियमाशेजारी पाठ्यपुस्तकात जी ग्रहकक्षा छापतात ती चांगली लांबट असते. शिकवायला ते सोयीचे. पण केप्लरपुढची खरी अडचण त्या चित्राने झाकली जाते, असे माझे मत आहे. मंगळाची कक्षा मापाने काढली की ती उघडी पडते.

लंबवर्तुळाचे समीकरण: क्ष²/अ² + य²/ब² = १. य शून्य धरला की क्ष = ±अ, क्ष शून्य धरला की य = ±ब. या चार बिंदूंनी आकृतीची चौकट ठरते. मधल्या बिंदूंसाठी अ त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि त्याची प्रत्येक उभी उंची ब/अ या प्रमाणात घटवावी. मंगळासाठी मी अ १०० मिलिमीटर घेतला. ब येतो ९९.५७. क्ष = ६० असता वर्तुळाची उंची ८०, लंबवर्तुळाची ७९.६६. पेन्सिलीची रेघच याहून जाड! सूर्य जिथे असतो ती नाभी मात्र केंद्रापासून √(अ² − ब²), म्हणजे ९.३ मिलिमीटर दूर पडते. कक्षेचे केंद्र असे बाजूला असते हे टॉलेमीच्या गणितातही होते. घोडे अडले ते त्या अर्ध्या मिलिमीटरपाशी.

१६०१ मध्ये टायको ब्राहे प्रागला वारला आणि त्याचे दुर्बिणीविना घेतलेले वेध केप्लरच्या हाती आले. वर्तुळ धरून केलेल्या गणितात आठ कलांचा फरक राहिला. पूर्णचंद्राच्या व्यासाचा जेमतेम चौथा हिस्सा. टायको एवढा चुकणार नाही, या भरवशावर केप्लरने आपलेच गणित मोडीत काढले. मग अंडाकृती घेतली, तर ती उलट बाजूने चुकली. त्रिज्या एक लाख मानता वर्तुळ आणि अंडाकृती यांमधली कोर ८५८ रुंद येई. हवी होती निम्मी, ४२९. अशात त्याची नजर ५ अंश १८ कला या कोनाच्या सीकंटवर गेली: १,००,४२९. मंगळावरून पाहता सूर्य आणि कक्षेचे केंद्र यांच्यामध्ये जास्तीत जास्त तेवढाच कोन होतो. झोपेतून जागे झाल्यासारखे वाटले, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. तरीही ही कक्षा म्हणजे लंबवर्तुळ, हे उमगायला १६०५ उजाडले. ग्रंथ निघाला १६०९ मध्ये.

वरचे समीकरण त्याच्यापाशी नव्हतेच. देकार्तची भूमिती १६३७ ची, आणि केप्लर १६३० मध्येच गेला. उंची एकाच प्रमाणात घटते हा गुणधर्म त्याने घेतला तो ग्रीकांच्या शंकुच्छेदांतून. बाकी सारी हाताने केलेली आकडेमोड.