दहापेक्षा जास्त असाल तर आधी कळवा

सिल्वासातल्या मराठी कुटुंबांना दमणचा समुद्र नवा नाही. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी भल्या सकाळी बुलेट, स्प्लेंडर, ॲक्टिव्हा बाहेर निघतात, मागे घरची मंडळी बसतात, डिकीत पोह्यांचा डबा असतो आणि नऊच्या आत देवका नाहीतर जांपोरच्या वाळूत पाय लागतात. हल्ली या सहलीला रॅलीचे रूप आले आहे. पंधरा-वीस दुचाक्या, पुढच्या गाडीला झेंडा, वाटेत दादऱ्याला वनगंगा तलावापाशी चहा, मग वापी, नानी दमण, पूल ओलांडून मोटी दमण आणि किनाऱ्याने जांपोरपर्यंत. सगळा मिळून जेमतेम तीस किलोमीटरचा रस्ता. तासाभरात संपतो, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही.

पण एकदा लक्ष देऊन हद्दी मोजाव्यात. पिपरिया सोडले की लवाछा लागते, ते गुजरातेत. पुढे दादरा, तो पुन्हा आपला. दादरा संपला की परत गुजरात, वापी ओलांडेपर्यंत. आणि डाभेलच्या नाक्यावर दमण. चार वेळा हद्द बदलते. या चार हद्दींवरून एक खटला थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि त्या निकालपत्रात आपला हा रस्ता नावानिशी आला आहे : दमणहून दादरामार्गे नगर हवेलीला जाणारा रस्ता.

हा घोळ मुळात आपल्याच लोकांनी घातलेला आहे, आणि तो पुण्यात घातला. १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वसईसह उत्तर कोकणचा किनारा घेतला, तरी दमण पोर्तुगीजांकडेच राहिले. पुढे १७७२ मध्ये मराठी आरमाराने त्यांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचे नुकसान केले. त्याची भरपाई मागत पोर्तुगीज वकील पुणे दरबारी खेटे घालत राहिले. १७७९ साली दरबारची स्थिती नाजूक होती. सवाई माधवराव पाच वर्षांचे, कारभार नाना फडणवीसांच्या हाती, इंग्रजांशी लढाई चालू. अशा वेळी किनाऱ्यावरचा पोर्तुगीज शत्रुपक्षाला मिळू नये, ही नानांची गरज होती. तह झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. प्रत्यक्ष सनदा निघायला आणखी चार-सहा वर्षे गेली. १७८३ मध्ये नगर हवेली मिळाली आणि १७८५ मध्ये दादरा.

सनदेतले शब्द पुणे दरबारच्या नेहमीच्या भाषेतले होते : जहागीर, सरंजाम. म्हणजे वसूल खा, पण मुलूख आमचा. गावात बंड झाले तर ते मोडण्याचे कामही पेशव्यांकडेच. त्या कारकुनांना तेव्हा कल्पना नसणार की पावणेदोनशे वर्षांनी युरोपातले न्यायाधीश या शब्दांचा कीस पाडतील.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी जुन्या सनदा उकरत न बसता दादरा आणि नगर हवेलीवर पोर्तुगीजांची सत्ता आहे असे मानून टाकले. तेव्हापासून या रस्त्याचा खरा प्रश्न सुरू झाला. दमणचा गव्हर्नर किंवा कारकून सिल्वासाला निघाला की मधल्या पट्ट्यात त्याला इंग्रजी मुलूख ओलांडावा लागे. साध्या माणसांची आणि मुलकी अधिकाऱ्यांची ये-जा बिनबोभाट चाले. माल जाई, फक्त मिठाला बंदी होती आणि कधीकधी दारूला व दारू गाळण्याच्या सामानाला. (दमणहून परतताना वापीच्या अलीकडे आपल्या डिक्या अजून तपासल्या जातात. सरकारे बदलली, नाक्यावरची चौकशी काही बदलली नाही.)

हत्यारबंद लोकांचे मात्र वेगळे होते. त्यांना परवानगी लागे. सशस्त्र पोलिसांसाठी १९४० साली एक करार झाला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत गमतीचा कागद वाटतो. दमणहून दादरामार्गे नगर हवेलीला जाणारी पोलिसांची तुकडी दहा जणांपर्यंत असेल, तर ती गेल्यानंतर चोवीस तासांत इंग्रजांना कळवले तरी चालेल. दहापेक्षा जास्त असतील तर आधी कळवून संमती घ्यायची. आपल्या रॅलीत दहापेक्षा जास्त दुचाक्या सहज असतात. झेंडा लावून रांगेने पिपरिया सोडताना हा नियम आठवून बघावा.

१९४७ नंतर मधला पट्टा स्वतंत्र भारताच्या मुंबई राज्यात आला आणि दोन्ही टोके परक्यांकडे राहिली. १९५४ च्या जुलैत काय झाले ते दरवर्षी २ ऑगस्टला, मुक्तिदिनाच्या भाषणांत आपण ऐकतो, त्यामुळे ते थोडक्यात सांगतो. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हास आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या तुकडीने दादऱ्याचे ठाणे घेतले. त्यात अनिसेतो रोझारियो हा पोर्तुगीजांचा पोलीस अधिकारी मारला गेला. आठवड्याभरात आझाद गोमंतक दलाचे आणि संघाचे स्वयंसेवक नरोलीत शिरले आणि २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा लागला. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला निसटला होता, तो ११ ऑगस्टला शरण आला. या मोहिमेत राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ लवंदे होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते आणि सुधीर फडकेही होते. त्यांच्या पत्नी ललिताबाई याही कामात सामील होत्या. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला. सिल्वासा सुटल्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. चाली लावणारे बाबूजी तेच, हे आपल्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. मुलांना सांगायला हवे.

एक गोष्ट मात्र या भाषणांत राहून जाते. नगर हवेलीचा बहुतेक मुलूख वारली, धोडिया, कोकणा यांचा. ‘आम्ही मुक्त केले’ म्हणताना तो ‘आम्ही’ जरा जपून वापरावा. पुण्या-मुंबईहून माणसे आली, झुंजली, हे खरे. पण ज्यांच्या गावावर कर होता ते इथलेच होते.

सिल्वासा सुटले आणि त्याच क्षणी समुद्र तुटला. दादऱ्याच्या घटनेनंतर भारताने मधल्या पट्ट्यातून पोर्तुगीजांची ये-जा थांबवली आणि दमण पोर्तुगीजांकडेच राहिले. ज्या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या सरकारी टपाल, धान्य, पाहुणे गेले, त्याच्या एका टोकाला स्वतंत्र मुलूख आणि दुसऱ्याला सालाझारचे राज्य. ही स्थिती सात वर्षे टिकली.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि २२ डिसेंबरला, म्हणजे आठवड्याभरात, त्याने हेगला भारताविरुद्ध दावा लावला. मागणी अशी की दमणहून दादरा-नगर हवेलीला जाण्याचा हक्क आमचा आहे आणि भारताने तो अडवला. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. या खटल्यापुरते भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला.

‘हेगला आपण जिंकलो’ असे सरसकट सांगितले जाते. निकाल वाचला तर गोष्ट इतकी सरळ नाही. पेशव्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, बारा हजारांचा सरंजाम दिला होता, हे न्यायालयाने मान्य केले. पुणे दरबारच्या त्या कोरड्या शब्दांचा उपयोग झाला तो एवढा. पण त्याच न्यायालयाने पुढे म्हटले की इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता मानली गेली, सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीने ये-जा रूढ झाली, त्यामुळे साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी १९५४ मध्ये पोर्तुगालला रस्त्याचा हक्क होता. हा निर्णय अकरा विरुद्ध चार मतांनी झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांच्यासाठी हक्क नव्हता, ते आठ विरुद्ध सात. आणि दादऱ्याच्या घटनेनंतर सीमेवर जो तणाव झाला तो पाहता भारताने ये-जा थांबवली यात कर्तव्यभंग झाला नाही, हे नऊ विरुद्ध सहा. सशस्त्र तुकड्यांचा मुद्दा एका मताने सुटला आहे. तो सुटला म्हणूनच परत चाल करून येण्याचा पोर्तुगालचा मार्ग कायद्यानेही बंद झाला. माझ्या मते आपला खरा लाभ हाच, आणि तो ‘जिंकलो’ या शब्दात मावत नाही. वहिवाटीचा जो मुद्दा आपल्याविरुद्ध गेला, तो तर शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला चटकन कळेल.

पुढचे झपाट्याने घडले. मधल्या सात वर्षांत इथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. विलीनीकरणाच्या करारावर पंतप्रधान नेहरूंच्या बरोबरीने सही करायला इथला कुणी प्रमुख हवा, म्हणून सनदी अधिकारी बदलानी यांना एका दिवसापुरते तसे पद देण्यात आले. घटनेची दहावी दुरुस्ती होऊन ११ ऑगस्ट १९६१ पासून आपण भारताचे केंद्रशासित प्रदेश झालो. चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोव्याबरोबर दमणही मोकळे झाले आणि हा रस्ता पुन्हा दोन्ही टोकांनी आपल्या माणसांचा झाला.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे आणि त्याची राजधानी दमण. मधला पट्टा मात्र गुजरातचाच. सचिवालयाची फाईल असो की आपल्या रॅलीतली शेवटची ॲक्टिव्हा, जाते अजून लवाछा, दादरा आणि वापीवरूनच.